कोरी पाटी : लहान लॅपटॉप, ‘फॉरमॅट मारणे’ आणि पुसल्या जाणाऱ्या नोंदी

१/ ‘लॅपटॉप फार हळू चालतो? फॉरमॅट मार आणि नवीन विंडोज टाक.’ हा सल्ला ऐकला नाही असा आपल्या पिढीतला माणूस विरळाच. आजचा धागा या सल्ल्याच्या इतिहासाचा आहे. यंत्र पुन्हा कोरे करण्याचे साधन वेळोवेळी कोणाच्या हाती होते आणि त्या कोरेपणाची किंमत कोणी मोजली, हे पाहू. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

२/ निमित्त घरचेच आहे. माझ्या काकांनी २००९ साली दहा इंची पडद्याचा एक छोटा लॅपटॉप घेतला होता. ॲटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, सीडी ड्राइव्ह नाही. २०२० साली टाळेबंदीत मी त्यावरचे जुने विंडोज पूर्ण पुसले आणि लिनक्स टाकले. काकांच्या सगळ्या फायली आधी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या होत्या. तरीही माझ्या हातून एक गंभीर चूक झाली. तिच्याकडे पुढे येतोच. आधी थोडी पार्श्वभूमी.

३/ १९७५ सालचा आल्टेअर ८८०० हा संगणक सुरू करायचा, तर त्याच्या दर्शनी पट्टीवरचे खटके एकेक करून वरखाली करत पहिल्या सूचना हाताने भराव्या लागत. वीज गेली की स्मरण गेले. आपल्याकडे पूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवत. हात फिरवला की पाटी कोरी. हे यंत्र त्याच जातीचे होते. त्याला ‘कोरे करणे’ हा प्रश्नच नव्हता. प्रत्येक सकाळी ते कोरेच असे.

४/ ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीलाही हार्ड डिस्क नव्हती. ऑपरेटिंग सिस्टीम फ्लॉपीवर असे आणि दर वेळी फ्लॉपीवरूनच यंत्रात चढे. फ्लॉपी बिघडली तर दुसरी प्रत काढायची. मार्च १९८३ मध्ये आलेल्या पीसी एक्सटीत १० एमबीची हार्ड डिस्क होती. आता सिस्टीम यंत्राच्या आत कायमची राहायला आली, आणि तिच्या शेजारी माणसाची कागदपत्रेही.

५/ इतिहासाच्या दृष्टीने हा मोठा बदल होता. धूळपाटीचे दप्तर झाले. दप्तरात सरकारी आज्ञापत्र असते, हिशेबाचा कागद असतो, कोणाची तरी खासगी चिठ्ठीही असते, आणि सगळे एकाच रुमालात बांधलेले असते. हार्ड डिस्कवरही तसेच झाले. यंत्राच्या फायली, माणसाच्या फायली आणि दोन्हींच्या सीमेवरच्या फायली एकत्र नांदू लागल्या. ‘स्वच्छ इन्स्टॉल’ करणे म्हणजे हा रुमाल सोडून झटकणे.

६/ नव्वदच्या दशकात झटकण्याचे साधन लोकांच्या हाती होते, पण ते जिकिरीचे होते. विंडोज ९५ फ्लॉपीवर घेतले तर १३ फ्लॉप्या एकामागून एक घालाव्या लागत. एक खराब निघाली की काम तिथेच अडकले. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी ‘एल टोरिटो’ हे प्रमाण प्रसिद्ध केले आणि सीडीवरूनच संगणक सुरू करण्याचा रस्ता खुला झाला. पुढची दहाबारा वर्षे घराघरांत कपाटात एक सीडी आणि तिच्या वेष्टनावर एक लांबलचक किल्लीक्रमांक जपून ठेवलेला असे.

७/ मग उत्पादकांनी सीडी देणे कमी केले. तिच्या जागी हार्ड डिस्कचाच एक कोपरा राखून त्यात यंत्राची ‘मूळ अवस्था’ दडवून ठेवण्याची पद्धत रुळली. ठरावीक कळा दाबल्या की यंत्र दुकानातून आले तसे होई. येथे एक भेद लक्षात ठेवावा. ही मूळ अवस्था कोरी नसे. उत्पादकाने घातलेल्या जाहिराती आणि महिनाभर फुकट चालणारी सॉफ्टवेअरे त्यात जशीच्या तशी परत येत. ‘पूर्ववत करणे’ आणि ‘स्वच्छ इन्स्टॉल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांना येथे प्रथम जाणवू लागले.

८/ आता आपल्या कथेचा नायक. जून २००७ मध्ये तैपेईच्या कॉम्प्युटेक्स प्रदर्शनात असूस कंपनीने ‘ई पीसी’ दाखवला. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ७०१ या नमुन्याचा पडदा ७ इंची, रॅम ५१२ एमबी आणि वजन किलोपेक्षाही कमी. साठवणीला फिरती तबकडी नव्हती. फक्त ४ जीबीची फ्लॅश स्मृती होती. त्यावर विंडोज नव्हते, झॅन्ड्रॉस नावाचे लिनक्स होते. अशा यंत्रांना पुढे ‘नेटबुक’ हे नाव पडले.

९/ या ७०१ ची रचना मोठी विलक्षण होती. मूळ सिस्टीम एका भागात होती आणि त्या भागावर लिहिता येत नसे. वापरणारा जे बदल करी ते दुसऱ्या भागात जमा होत. यंत्र चालू असताना हे दोन्ही थर एकावर एक ठेवून दाखवले जात. छापील नकाशावर पारदर्शक कागद अंथरावा आणि आपल्या खुणा त्या कागदावर कराव्यात, तसे. सुरू होताना एफ९ दाबून ‘पूर्ववत’ निवडले की वरचा कागद फेकला जाई आणि खालचा नकाशा जसाच्या तसा समोर येई. काही मिनिटांतच यंत्र कोरे.

१०/ पण पारदर्शक कागदावर खाडाखोड केल्याने खालची छपाई पुसली जात नाही. नको असलेला मूळ प्रोग्रॅम काढून टाकला, तरी तो खालच्या थरात तसाच राही. जागा इंचभरही मोकळी होत नसे. उलट अद्ययावत केलेला प्रोग्रॅम दोनदा जागा खाई, खाली जुना आणि वर नवा. मुळात ४ जीबी, त्यातले निम्म्याहून अधिक त्या न पुसता येणाऱ्या थराने व्यापलेले. उत्पादकाने दिलेली सोय हीच मालकाची अडचण झाली.

११/ म्हणून हौशी लोकांनी दोन्ही थर पुसून नवे लिनक्स टाकायला सुरुवात केली. येथे एक गंमत होती. यंत्रासोबत सिस्टीमची डीव्हीडी मिळे, पण यंत्राला डीव्हीडी ड्राइव्हच नव्हता! शेजाऱ्याच्या मोठ्या संगणकावर ती डीव्हीडी घालून पेन ड्राइव्ह तयार करावा लागे. या अडचणीमुळेच पेन ड्राइव्हवरून सिस्टीम टाकण्याची कला सामान्य वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचली. २००७ साली युनेटबूटिन हे साधन आले. ऑक्टोबर २००८ च्या उबुंटू ८.१० मध्ये तर असा पेन ड्राइव्ह बनवण्याची सोय आतच होती.

१२/ याच सुमारास दुसरा एक छोटा लॅपटॉप महाराष्ट्रातही आला होता. निकोलस नेग्रोपोंटी यांच्या ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचा हिरवा-पांढरा एक्सओ-१. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील एका छोट्या गावच्या शाळेत त्याचा प्रयोग सुरू झाला. त्यात १ जीबी फ्लॅश स्मृती होती. पेन ड्राइव्ह लावायचा, पडद्याशेजारच्या खेळाच्या चारही कळा एकत्र दाबून धरायच्या आणि यंत्र सुरू करायचे. नवी सिस्टीम आपोआप उतरे. कोणत्याही वाडीवस्तीवर तंत्रज्ञावाचून हे करता यावे, असा त्यामागचा विचार होता.

१३/ नेटबुकांवर लिनक्स पसरू लागल्याचे मायक्रोसॉफ्टच्या नजरेतून सुटले नाही. त्यांचे नवे विंडोज व्हिस्टा या यंत्रांना झेपणारे नव्हते आणि एक्सपीची विक्री ३० जून २००८ ला थांबायची होती. एप्रिल २००८ मध्ये कंपनीने जाहीर केले की अत्यंत स्वस्त आणि छोट्या यंत्रांसाठी एक्सपी होमची मुदत वाढवली जाईल. निरोप दिलेल्या पाहुण्याला दारातून परत बोलावून पाटावर बसवल्यासारखे झाले. काकांच्या लॅपटॉपवर एक्सपी होते ते या निर्णयामुळेच.

१४/ २००९ चा एक प्रसंग तर सांगितलाच पाहिजे. ऑक्टोबरमध्ये विंडोज ७ आले. ज्यांच्याकडे डीव्हीडी ड्राइव्ह नाही अशा नेटबुकधारकांसाठी मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्ह बनवणारे एक छोटे साधन दिले. नोव्हेंबरमध्ये उघड झाले की त्यात जीपीएल परवान्याखालील मुक्त सॉफ्टवेअरचा भाग, परवान्याच्या अटी न पाळता, वापरला गेला आहे. कंपनीने ते मान्य केले, साधन मागे घेतले आणि डिसेंबरमध्ये ते जीपीएलखालीच पुन्हा प्रसिद्ध केले. लिनक्सला हटवून नेटबुकावर विंडोज टाकण्याचे साधन स्वतःच मुक्त सॉफ्टवेअर झाले!

१५/ येथवरची कथा जगाची. आता मराठी वापरणाऱ्याचा एक वेगळा पदर. एक्सपी नव्याने टाकले की त्यात देवनागरी नीट उमटत नसे. त्यासाठी प्रादेशिक भाषांच्या खिडकीत जाऊन ‘जटिल लिप्यांच्या’ फायली टाकण्याच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि तशी खूण केली की यंत्र मूळ सीडी मागे. सीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवर! उत्पादकाने त्या फायली डिस्कवर आधीच ठेवल्या असतील तर सुटका, नाहीतर खटपट. इंग्रजीसाठी जी पाटी कोरी होती, तिच्यावर मराठीला पेन्सिलही सापडत नव्हती.

१६/ याच्याही आधीची गुंतागुंत फॉन्टची. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती आणि विंडोज २००० पासून मंगल फॉन्टही होता. पण मराठी छपाईचे आणि कार्यालयांचे काम त्यानंतरही वर्षानुवर्षे जुन्या पद्धतीच्या फॉन्टांवर चालले. त्यांत ‘क’ हा खरा ‘क’ नसे. फायलीत एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असे आणि फॉन्ट त्यावर ‘क’चे चित्र चढवी. शिवाय प्रत्येक फॉन्टची वाटणी वेगळी. एकाचा ‘क’ दुसऱ्यात भलतेच अक्षर होई.

१७/ आता माझी चूक. काका एका छापखान्यात अक्षरजुळणी करत. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ते गावातल्या वृद्धांकडून लिहून घेत. रोजगाराच्या कामावर फोडलेली खडी, रेशनवरचा लाल मिलो, मुलांना मिळणारी सुकडी, कोरड्या पडलेल्या विहिरींची नावे. हे सगळे त्यांनी छापखान्यातल्या सॉफ्टवेअरसोबत आलेल्या एका फॉन्टमध्ये टंकले होते. मी ‘माय डॉक्युमेंट्स’ पूर्ण उतरवून घेतले. फॉन्ट मात्र विंडोजच्या फोल्डरात होता. तो फोल्डर ‘सिस्टीमचा’ म्हणून मी पुसून टाकला.

१८/ नव्या, लखलखीत लिनक्सवर पहिली फाइल उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांचा काला होता. एकही अक्षर हरवले नव्हते आणि एकही वाचता येत नव्हते. फायलीत फॉन्टचे नाव नोंदलेले होते, पण त्या नावाचा फॉन्ट मला कोठेही मिळाला नाही. छापखाना केव्हाच बंद झाला होता. वर्षभराने काका गेले. ज्यांच्या आठवणी त्यांनी टिपल्या होत्या, त्यांतले बहुतेक त्यांच्याही आधी गेले होते.

१९/ पुढे एम.ए.ला मोडी शिकताना मला या फायली वारंवार आठवत. मोडीतले लक्षावधी कागद आज सुस्थितीत आहेत. शाई शाबूत, कागद शाबूत. वाचणारे डोळे तेवढे कमी झाले आहेत. दस्तऐवज टिकणे आणि दस्तऐवज वाचता येणे यांत अंतर असते, हे मी पुस्तकात वाचले होते. आपल्याच घरात ते अंतर मी एका संध्याकाळी, ‘पुढे’ हे बटण पाच वेळा दाबून, निर्माण केले होते.

२०/ वाट सापडली ती कागदामुळे. काकांच्या ट्रंकेत नऊ छापील पाने निघाली. त्यांच्याच एका प्रकरणाचा कच्चा छाप. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३० च्या दशकात एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी मजकूर असलेल्या नाण्यांवरून खरोष्ठी अक्षरे ओळखली, ती पद्धत आपण अभ्यासक्रमात शिकतो. मीही तेच केले. एका हाताला छापील पान, दुसऱ्या हाताला पडद्यावरचा काला. गावाचे नाव, ‘दुष्काळ’, ‘विहीर’ हे वारंवार येणारे शब्द आधी पकडले आणि चिन्ह-अक्षरांचा तक्ता बनवत गेलो.

२१/ सुट्टीचे दोन महिने गेले. तक्ता एका छोट्या प्रोग्रॅममध्ये घातला आणि फायली युनिकोडमध्ये आल्या. पण नऊ पानांत जी जोडाक्षरे आलीच नव्हती, त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या. काही संदर्भावरून भरल्या. व्यक्तिनामांत आणि विहिरींच्या नावांत संदर्भ साथ देत नाही. तेथे मी चौकोनी कंस ठेवले आहेत. शिलालेखाच्या वाचनात झिजलेल्या अक्षरांसाठी ठेवतात तसे. तो लेख झिजायला शतके लागतात, एवढाच फरक.

२२/ मुख्य कथेकडे परत येऊ. २०१२ मध्ये विंडोज ८ सोबत दोन गोष्टी रूढ झाल्या. किल्लीक्रमांक कागदी चिकटपट्टीवरून यंत्राच्या आत, मदरबोर्डवरील स्मृतीत गेला. आणि ‘सिक्युअर बूट’ आले : ओळखीची सही असलेली सिस्टीमच सुरू होऊ द्यायची. यामुळे सुरक्षितता वाढली, यात शंका नाही. पण दुसरी सिस्टीम टाकू पाहणाऱ्याला आता यंत्राच्या दारावरच्या पहारेकऱ्याशी आधी बोलणी करावी लागू लागली.

२३/ २०१४ मध्ये ३२ जीबी साठवणीचे नवे स्वस्त लॅपटॉप आले आणि ई पीसीची जुनी युक्ती नव्या नावाने परतली. विंडोज ८.१ च्या ‘विमबूट’ रचनेत मूळ सिस्टीम दाबून एका राखीव भागात ठेवत आणि नेहमीच्या जागी केवळ तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा असत. जागेसाठी कोणी तो राखीव भाग पुसला तर विंडोजच बंद पडे. अद्ययावत फायली वरच्या थरात साचत आणि जागा पुन्हा संपे. विंडोज १० मध्ये ही रचना मागे पडली.

२४/ आणि मग २०२५. ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ ने जुन्या ३२-बिट पीसींसाठीचा इन्स्टॉलर देणे थांबवले; काकांचा एन२७० त्याच गटातला. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चीप, ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते. म्हणजे असंख्य घरांतले जुने छोटे लॅपटॉप एकतर भंगारात जातील किंवा पुसून त्यांवर दुसरे काही टाकले जाईल. दोन्ही वाटांनी त्यांच्यातली दप्तरे जातील.

२५/ पुसलेले परत मिळत नाही का? आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातली प्रत तेराव्या शतकात खरवडून तिच्यावर प्रार्थना लिहिल्या गेल्या. तरी १९०६ मध्ये हायबर्ग यांनी खालची अक्षरे ओळखली. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरही घाईने मारलेल्या फॉरमॅटने बहुधा अनुक्रमणिकाच जाते, मजकूर काही काळ तग धरतो. आजच्या एसएसडीत मात्र ‘ट्रिम’ ही सूचना मोकळे झालेले कप्पे खरोखर रिकामे करवून घेते. तेथे खरवडलेल्या चर्मपत्राखाली सहसा काहीच उरत नाही.

२६/ म्हणून घरातला जुना लॅपटॉप स्वच्छ करण्याआधी एवढे करावे :
– शक्य असेल तर संपूर्ण डिस्कची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. निवडक फायली उतरवताना आपण ‘महत्त्वाचे काय’ हे आधीच ठरवून टाकतो, आणि तेथेच चुकतो.
– विंडोजच्या फोल्डरातील ‘फॉन्ट्स’ पूर्ण उतरवावा. जुनी मराठी कागदपत्रे असतील तर हे विसरू नये.
– त्या फायली जुने यंत्र चालू असतानाच पीडीएफ कराव्यात. निदान काही पाने छापून घ्यावीत.
– डेस्कटॉप, ब्राउझरच्या खुणा, जुने ईमेल हे नेहमीच्या फोल्डरांबाहेर असतात, तेही पाहावेत.
– उतरवलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून, वाचून पाहावी. त्यानंतरच पुसावे.

२७/ आणि ज्यांचा तो लॅपटॉप होता ती माणसे असतील, तर त्यांना शेजारी बसवून घ्यावे. ‘हे काय आहे?’ एवढे विचारावे. सिस्टीम कोणती आणि आठवण कोणती, हे पडद्यावरून कळत नाही. ते त्यांनाच ठाऊक असते. मला काकांना फोन लावून फॉन्टविषयी विचारायला दोन मिनिटे लागली असती. तेव्हा ते होते.

२८/ काकांचा लॅपटॉप अजून चालतो. त्यावर आता फक्त त्या आठवणींच्या फायली आहेत, युनिकोडमध्ये, कंसांसकट. गावी गेलो की तो घेऊन पारावर बसतो आणि ज्येष्ठांना एकेक रिकामी जागा वाचून दाखवतो. गेल्या मे महिन्यात एका आजींनी दोन विहिरींची नावे सांगितली. अकरा कंस उरले आहेत.

धागा समाप्त. आपल्या घरातही जुन्या फॉन्टमधली कागदपत्रे असतील, तर तो फॉन्ट आजच जपून ठेवा.